पुराचा गाळ उपसताना लेप्टोपासून जपा

सांगलीत कृष्णेचा पूर ओसरला की, 2019 मध्ये झाले तसे, घरोघरी गाळ उपसणे सुरू होते आणि नेमका तेव्हाच लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) या जिवाणूंमुळे होणाऱ्या आजाराचा धोका वाढतो. उंदीर, घुशी व गुरांच्या मूत्रातून पाण्यात मिसळलेले जिवाणू टाचांच्या भेगांतून, खरचटलेल्या जागेतून किंवा डोळ्यांवाटे शरीरात शिरतात. म्हणून गमबूट व रबरी हातमोजे घालूनच गाळात उतरावे, जखम झाकावी आणि काम संपताच हातपाय साबणाने धुवावेत. गोठा साफ करणाऱ्यांनी तर यात मुळीच हयगय करू नये.

ताप साधारणतः 5 ते 14 दिवसांनी येतो, त्यामुळे त्याचा पुराशी असलेला संबंध अनेकांच्या लक्षातच येत नाही. थंडीताप, लाल डोळे आणि नुसता हात लावला तरी कळवळायला होईल अशा दुखणाऱ्या पोटऱ्या, ही लक्षणे दिसल्यास दुखणे अंगावर न काढता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि आपण पुराच्या पाण्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. प्रतिजैविके वेळेत सुरू झाल्यास आजार बरा होतो. उशीर झाल्यास कावीळ होऊन मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिले जाते, परंतु ते, विशेषतः गरोदर स्त्रियांना व लहान मुलांना, परस्पर कधीही देऊ नये.