डेव्हलपरचा दिवस तिकिटांत जातोय? प्लॅटफॉर्म टीम कुठून सुरू करायची ते बघा

ऐरोली, महापे, वागळे इस्टेट, कुठल्याही आयटी ऑफिसात जा आणि नवीन जॉइन झालेल्या पोराला विचारा की तुझा पहिला कोड प्रॉडक्शनला (म्हणजे खऱ्या युजरपर्यंत) कधी गेला, तर तो आधी हसेल. रिपोचा (कोड ठेवतात त्या जागेचा) ॲक्सेस, व्हीपीएन, टेस्ट डेटाबेस, सीक्रेट्स (पासवर्ड, की वगैरे), सगळ्याला वेगळं तिकीट आणि प्रत्येक तिकिटामागे एक माणूस, तो नेमका आज रजेवर. प्लॅटफॉर्म इंजिनिअरिंग म्हणजे ही वाट बघणं कमी करणं, बाकी कुबरनेटीस (कंटेनर चालवणारं), टेराफॉर्म (सर्व्हर, डेटाबेस कोडमधून उभं करणारं) वगैरे टूल नंतरच्या गोष्टी.

त्यामुळे टूलचे डेमो बघत बसू नका. पुढचा जॉइनर आला की त्याच्या शेजारी बसा, लॅपटॉप मिळाल्यापासून पहिला पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे तपासून घ्यायला पाठवलेला कोडमधला बदल) प्रॉडक्शनला जाईपर्यंत तो कुठे कुठे अडकला, कोणाला पिंग केलं, उत्तर किती वेळाने आलं, सगळं एका शीटमध्ये टाका, आणि मदत करायचा मोह आवरा बरं का, तुम्ही उत्तर दिलंत की खरा त्रास शीटमध्ये येतच नाही. मग जुन्या लोकांना एकच विचारा: गेल्या आठवड्यात कशाची वाट बघत बसलात? जास्तीत जास्त वेळा आलेली गोष्ट ते पहिलं काम, मग ते कितीही रटाळ असो.

बहुतेक ठिकाणी ते दोनपैकी एक निघतं, स्लो सीआय (प्रत्येक बदलावर आपोआप चालणारं बिल्ड आणि टेस्ट) किंवा नवीन सर्व्हिस उभी करणं. सीआय असेल तर डिपेंडन्सी कॅश करा, टेस्ट पॅरलल चालवा, आणि कधी पास कधी फेल होणाऱ्या टेस्ट बाजूला काढून प्रत्येकीला मालक द्या, नाहीतर लोक लाल बिल्डकडे बघायचंच सोडतात आणि नुसतं रीरन दाबतात. बिल्डला पाऊण तास लागत असेल तर संध्याकाळी ठाणे लोकल पकडायच्या घाईत बिल्डची वाट न बघता मर्ज दाबून निघणारा माणूस दोषी नाही, त्याला दुसरा पर्याय तुम्ही दिलेलाच नाही.

नवीन सर्व्हिसचा प्रॉब्लेम असेल तर एक टेम्पलेट रिपो बनवा ज्यात डॉकरफाइल, पाइपलाइन, लॉगिंग, हेल्थ चेक, बेसिक अलर्ट आधीपासून आहेत, नाव आणि टीम भरली की रिपो तयार आणि स्टेजिंगला (प्रॉडक्शनआधी तपासायच्या जागी) डिप्लॉयपण झालेलं. याला स्पॉटिफायवाले गोल्डन पाथ म्हणतात, नेटफ्लिक्समध्ये पेव्ह्ड रोड. तुमच्याकडे जी भाषा सगळ्यात जास्त वापरतात तिच्यासाठीच पहिला करा, पाच भाषांचे पाच अर्धवट टेम्पलेट नकोत. डेटाबेस हवा असेल तर टेराफॉर्म मॉड्यूलच्या एका पीआरमध्ये मिळायला हवा, साइझ, बॅकअप, टॅग हे नियम मॉड्यूलमध्येच बसवा म्हणजे अप्रूव्हलसाठी कोणाच्या मागे फिरायला नको.

आता बॅकस्टेज, म्हणजे सगळ्या सर्व्हिस, टेम्पलेट, डॉक्युमेंट एका जागी दाखवणारं डेव्हलपर पोर्टल. स्पॉटिफायने २०२० मध्ये ओपन सोर्स केलं, त्याच वर्षी सीएनसीएफकडे (क्लाउडचे ओपन सोर्स प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या संस्थेकडे) दिलं, आणि तेव्हापासून पोर्टल म्हटलं की सगळे त्याच्याच मागे. चांगलं आहे, पण ते टाइपस्क्रिप्टमधलं ॲप आहे, अपग्रेड आणि प्लगइन सांभाळायला माणूस लागतो, तीसएक डेव्हलपरच्या कंपनीत तो माणूस कुठून काढणार? तिथे मेकफाइल, एक स्क्रिप्ट आणि नीट लिहिलेलं रीडमी पुरतं. सर्व्हिस कोणाची आहे याची यादी मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा, रात्री अडीचला अलर्ट आला की तेच शोधावं लागतं.

सक्ती करू नका. टेम्पलेट चांगला असेल तर लोक आपणहून येतील, नसेल येत तर काय नडतंय ते त्यांना विचारा. एखाद्या टीमला वेगळं काही करायचंच असेल तर करू द्या, फक्त मग ऑन-कॉल (अवेळी अलर्ट आला तर धावायची ड्युटी) त्यांचा त्यांनी सांभाळायचा.

मोजायचं काय? डोरा या गूगलच्या संशोधन गटाचे डिप्लॉय किती वेळा, बदल पोचायला किती वेळ, किती बदल फसले, सावरायला किती वेळ, हे आकडे टीमसाठी बघा. माणसागणिक कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल) मोजायचा विचार मॅनेजरच्या डोक्यात आला तर तिथेच थांबवा, लोक एका कमिटचे सात करतील आणि तुमचा डॅशबोर्ड मस्त दिसेल. डेव्हलपरची प्रॉडक्टिव्हिटी कशी मोजायची ते सांगणाऱ्या २०२१ च्या स्पेस फ्रेमवर्कमध्ये पहिलंच अक्षर एस, म्हणजे सॅटिस्फॅक्शन, समाधानाचं आहे, म्हणजे दर तिमाहीला चार प्रश्नांचा सर्व्हे घ्या, आणि त्यातून निघालेली एक तरी गोष्ट पुढच्या सर्व्हेच्या आत दुरुस्त करून सगळ्यांना दाखवा, नाहीतर पुढच्या वेळी कोणी भरणार नाही. सुरुवातीला आकडे थोडे खालीपण जातात, २०२४ च्या डोरा रिपोर्टमध्ये प्लॅटफॉर्म वापरणाऱ्यांची प्रॉडक्टिव्हिटी वाढलेली पण डिलिव्हरीचा वेग आणि स्थिरता घटलेली दिसली, तेव्हा हे वरच्यांना बजेट मागतानाच सांगून ठेवा, सहा महिन्यांनी रिव्ह्यूमध्ये नको.