ग्राइंडरवरच्या माणसाचा चष्मा

कामगाराच्या डोळ्यांसाठी घेतलेला सगळ्यात स्वस्त सुरक्षा-चष्मा बहुतेक वेळा महागच पडतो. थोड्याच दिवसांत भिंगावर ओरखडे येतात, धूसर दिसू लागतं, मग कामगार तो कपाळावर चढवतो आणि डोळा उघडाच राहतो. म्हणून नगाचा भाव पाहू नका, महिन्याला किती पडतो ते काढा.

भिंग पॉलिकार्बोनेट या चिवट प्लॅस्टिकचं, ओरखडे कमी पडावेत म्हणून कोटिंग केलेलं आणि बाजूनेही झाकणारं हवं. आयएस ५९८३ (भारतीय मानक) किंवा ईएन १६६ (युरोपीय मानक) ही खूण शोधा. ईएनमधला ‘एफ’ म्हणजे सेकंदाला ४५ मीटर वेगाने आलेली छोटी पोलादी गोळी सोसणारं भिंग. आधी दोन-तीन नमुने आणून कामगारांनाच दिवसभर घालू द्या. नाकावर रुतणारा चष्मा कोणी घालत नाही. नंबरचा चष्मा असेल, तर त्यावरून बसणारा गॉगल घ्या. अ‍ॅसिडच्या कामाला चहूबाजूंनी बंद गॉगल लागतो, वेल्डिंगला गडद काच.

पुसण्याआधी पाण्याने धुवा, कोरड्या चिंधीने लोखंडाची धूळ भिंगावर घासली जाते. थिनर तर लावूच नका, पॉलिकार्बोनेट तडकतं.

आणि हा खर्च मालकाचाच. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ मध्ये डोळ्यांच्या संरक्षणासाठी कलम ३५ होतं.