रसद उशिरा पोचते तेव्हा लढाईचं गणित: या चुका टाळा

१६७९ साली खांदेरीवर मराठ्यांचं बांधकाम चालू होतं आणि इंग्रजांची जहाजं बेट अडवून उभी होती. तरी हलक्या होड्या रात्रीच्या अंधारात निसटून रसद पोचवत राहिल्या. अशी लढाई लँचेस्टरच्या समीकरणांत (समोर किती माणसं आहेत यावरून आपली किती पडतील ते काढणारी समीकरणं) मांडताना सगळ्यात महागात पडते ती रसदेची सरासरी.

समजा गडावर १०० माणसं, वेढ्यातही १००. समोर जितकी माणसं, त्यांच्या ५ टक्के आपली रोज पडतात, दोन्हीकडे सारखंच. गडाला रोज १० पेट्या दारूगोळा लागतो, शिल्लक २० आहेत आणि दर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ३० येतात. ‘रोज १०’ धरलं की तुटवडा दिसतच नाही, सामना बरोबरीत. प्रत्यक्षात तिसऱ्या दिवशी गडाच्या तोफा गप्प! त्या संध्याकाळी गडावर ८५.७४, वेढ्यात ९०.२५. पुढे रसद एकदाही चुकली नाही तरी या दोन संख्यांच्या वर्गांतला फरक, सुमारे ७९४, जवळपास तसाच राहतो. गड संपतो तेव्हा वेढ्यात जवळपास त्याच्या वर्गमुळाइतके, म्हणजे २७-२८ जण उरतात. म्हणून साठ्याचं समीकरण वेगळं ठेवा, आणि गरज व साठा यांत जे कमी असेल तेवढाच मारा धरा. साठा उणे दाखवत असेल तर ही अट राहून गेली आहे.

उशीरही एकच ठरीव आकडा नसतो. खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली असेल तर भरलेली होडी भरतीलाच बाहेर पडते, आणि भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. पहाटे ५ ची भरती साधली तर बेट गाठेपर्यंत उजाडतं. त्याआधीची दुपारी साडेचारच्या सुमाराची, तीही उजेडात. ती रात्र वाया. अशा दोन-तीन रात्री लागोपाठ येतात, त्यामुळे सरासरीऐवजी भरती-ओहोटीचं कोष्टकच प्रतिमानाला, म्हणजे या गणिती मांडणीला, द्या.

उशीर तीन दिवसांचा असेल तर पहिल्या दिवसाआधीच्या तीन दिवसांत काय रवाना झालं तेही भरावं लागतं. तिथे शून्य राहिलं की सुरुवातीला उगाच उपासमार दिसते. नवी मागणी काढताना वाटेतला माल वजा करा, नाहीतर साठा कधी ओसंडतो, कधी तळ गाठतो.

शेवटी तपासणी: उशीर शून्य, साठा अमर्याद, दर तोच ५ टक्के, १०० विरुद्ध ८०. मोठ्या बाजूचे ६० उरायला हवेत. एका दिवसाच्या पायरीने, म्हणजे हिशेब दिवसातून एकदाच केला तर, ५८ च्या आसपास येतील. पायरी लहान करत गेल्यावर ६० कडे सरकले नाहीत, तर चूक समीकरणात आहे.