गळू झालंय, अँटिबायोटिक घ्यायचं की नाही?

जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला टेकला की घामाने काखेत, मांडीत गळवं येतातच, आणि लोक सरळ मेडिकलवर जाऊन "गळवाची गोळी द्या भाऊ" म्हणतात. पण पू एका जागी साठलेला असला की गोळीचं औषध आत नीट पोचतच नाही, खरा इलाज म्हणजे पू बाहेर काढणं, आणि ते डॉक्टरनेच चीर देऊन.

बारकं असेल, ताप नसेल तर कोमट पाण्यात स्वच्छ फडका बुडवून 10-15 मिनिटं शेक द्या, दिवसातून 3-4 वेळा, बऱ्याचदा आपोआप फुटतं. दाबायचं नाही, सुई तर अजिबात नाही!

आता गोळी कधी लागते? लाली पसरतेय का ते बघा, बॉलपेनने कडेने रेघ मारून ठेवा, काही तासांनी लाली रेघेबाहेर गेली तर थांबू नका. थंडी वाजून ताप, एकापेक्षा जास्त गळवं, चीर देऊनही न बसलेलं, किंवा मोठं, साधारण 2 सेंमीच्या वर, अशा वेळी डॉक्टर बहुतेक अँटिबायोटिक देतात. डायबेटीसवाल्यांनी, स्टेरॉइड किंवा केमो चालू असलेल्यांनी घरी शेकत बसूच नये (आणि शुगर पण चेक करून घ्या, वारंवार गळू येण्यामागे कधीकधी तीच असते). नाकाजवळ, वरच्या ओठावर किंवा संडासच्या जागी झालं तर लाजू नका, त्याच दिवशी दाखवा. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या मात्र गिळू नका.