सहजीवनातली भांडणं: या चुका टाळा

वीस-तीस माणसं ठरवून एकत्र राहायला आली की पहिलं मोठं भांडण कशावरून होणार, हे मी आता आधीच सांगू शकते. घासायची राहिलेली भांडी, जागेवर न ठेवलेलं अवजार, रात्री उशिराचा आवाज, किंवा एकाच्या मुलाला दुसरं कोणी रागावलं म्हणून. चौदा वर्षं मी अशा वस्तीत राहते आहे, त्यातली नऊ मध्यस्थीच्या गटात. नव्या वस्त्यांमधली माणसं सल्ला विचारायला येतात, आणि दर वेळी त्याच चुका ऐकायला मिळतात. त्या चुकांमुळे चांगली माणसं दुखावून निघून जातात, याचा मला मनापासून त्रास होतो. म्हणून हे लिहिते आहे.

ज्याच्याशी बिनसलंय, त्याला सोडून सगळ्यांना सांगणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं.

आमच्याकडे सामाईक सुतारखोली आहे. ती सांभाळायचे आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ काका. पटाशा, रंधे, करवती, प्रत्येकाची भिंतीवर ठरलेली जागा. एका वर्षी पंचविशीतला एक मुलगा राहायला आला. हात चांगला, उत्साह दांडगा, पण काम झालं की अवजार तिथेच टाकून जायचा. एकदा काकांचा जुना रंधा रात्रभर पावसात राहिला आणि पातं गंजलं. काका त्याला काही बोलले नाहीत. मला बोलले. 'खरंच काका, कमालच आहे,' असं मी म्हटलं. मग ते स्वयंपाकघरात बोलले, वाफ्यांवर काम करताना बोलले.

चार महिन्यांनी त्या मुलाने बैठकीत प्रस्ताव ठेवला की सुतारखोली दिवसभर उघडी ठेवू या, मी मुलांना शिकवतो. प्रस्ताव चांगला होता. अकरा जणांनी एकापाठोपाठ एक हरकती घेतल्या. विजेचं बिल, आवाज, मुलांची सुरक्षितता. रंध्याचं नाव कोणी काढलं नाही. शेवटी तो म्हणाला, 'माझं काय चुकलंय ते कोणी सांगाल का?' सगळे खाली बघत होते. मीही.

पुढे काका आणि तो समोरासमोर बसले, तेव्हा रंध्याचं प्रकरण अर्ध्या तासात मिटलं. त्याने पातं घासून आणलं, काकांनी त्याला धार लावायची आपली पद्धत दाखवली. पण रोज ज्यांच्या पंगतीला आपण बसतो त्या अकरा जणांना चार महिने हे ठाऊक होतं आणि एकानेही सांगितलं नाही, हे त्याच्या मनातून गेलं नाही. दोघं जण कोपऱ्यात हसले तरी तो विचारायचा, 'काय झालं?' वर्षभराने तो गेला.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ स्टीफन कार्पमन यांनी १९६८ मध्ये भांडणात माणसं घेतात त्या भूमिकांचा एक त्रिकोण मांडला होता: पीडित, छळणारा आणि तारणहार. मी तारणहाराच्या कोपऱ्यात बसले होते. काकांचं मन हलकं करते आहे, असं मला वाटायचं. प्रत्यक्षात माझ्या ऐकून घेण्याने त्यांच्या रागातली वाफ तेवढी निघून जायची आणि त्या मुलाशी बोलायची निकडच उरायची नाही.

आता कोणी माझ्याकडे तक्रार घेऊन आलं की मी ऐकते आणि दोन प्रश्न विचारते. 'त्याला सांगितलंस?' आणि 'कधी सांगणार?' तीन दिवस देते. तिसऱ्या दिवशी स्वतः जाऊन विचारते. एकट्याने जमत नसेल तर सोबत बसते. पण सोबतही नको आणि तक्रार तीच, असं असेल तर पुन्हा ऐकायला नकार देते. यावरून काही जण माझ्यावर नाराज आहेत आणि मला ते मान्य आहे. एकच अपवाद: मारहाण, धमकी, लैंगिक त्रास किंवा मुलांचा प्रश्न असेल तर 'आधी त्याच्याशी बोल' असं कोणालाही कधीही सांगू नका. ते थेट गटाकडे आणि गरज पडली तर बाहेरच्या यंत्रणेकडे गेलं पाहिजे.

रचनेचा दोष माणसाच्या माथी मारणं

त्या सुतारखोलीत अवजार नेल्या-आणल्याची वहीच नव्हती. नियम होता, पण तो काकांच्या डोक्यात. नव्या माणसाला तो कळणार कसा? 'आमच्यात नियम नाहीत, आम्ही विश्वासावर चालतो,' असं अभिमानाने सांगणाऱ्या वस्तीत नियम असतातच, फक्त ते जुन्यांना माहीत असतात. अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती चळवळीत वावरलेल्या जो फ्रीमन यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला नेमकं हेच दाखवलं: गटाने रचना नाकारली तरी सत्ता नाहीशी होत नाही, ती लपते, आणि लपलेल्या सत्तेला जाब विचारता येत नाही.

घरकामावरून होणारी भांडणं तर जवळजवळ सगळी याच जातीची. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातली ट्विन ओक्स ही अशीच सहजीवनाची वस्ती १९६७ पासून टिकून आहे. तिथे स्वयंपाक, मुलं सांभाळणं आणि पैसे मिळवून देणारं काम, सगळ्याचे तास सारखेच धरले जातात. ती पद्धत प्रत्येकाला रुचेल असं नाही, मलाही सगळी रुचत नाही. पण 'मीच एकटी राबते' हा आरोप तिथे कागदावर तपासता येतो. माझी सवय अशी की एकाच विषयावर वेगवेगळ्या जोड्यांची तीनदा भांडणं झाली, की मी माणसांचे स्वभाव बाजूला ठेवते आणि ते काम कोणाकडे आहे, कुठे लिहिलंय, हे शोधायला लागते.

भावनांची भाषा शस्त्रासारखी वापरणं

ही चूक बहुतेकदा संवाद शिकवणारं शिबिर नुकतंच करून आलेल्यांची असते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग यांच्या अहिंसक संवादाच्या, म्हणजे दोष न देता बोलण्याच्या पद्धतीच्या, चार पायऱ्या अनेकांना पाठ असतात: निरीक्षण, भावना, गरज, विनंती. पाठ असणं वेगळं. 'तू बोलत होतास तेव्हा मला दुर्लक्षित वाटलं,' हे वाक्य ऐकायला मऊ आहे, पण 'दुर्लक्षित' ही भावना नव्हे, 'तू माझ्याकडे दुर्लक्ष केलंस' हा आरोप आहे. भावना होती ती वाईट वाटल्याची, कदाचित भीतीची. विनंतीचंही तेच. समोरचा 'नाही' म्हणाला आणि तुमचा पारा चढला, तर ती मागणीच होती. हा फरक रोझेनबर्ग स्वतः स्पष्ट करायचे, पण शिबिरातून घरी येताना नेमका तोच गळून पडतो.

आमच्याकडे एक ताई जेमतेम दीड महिना राहिली होती, तेव्हा तिने आग्रह धरला की सगळ्यांनी वर्तुळात बसून एकेकाने मध्ये येऊन मन मोकळं करायचं. मूळ पद्धत जर्मनीतल्या त्सेग या वस्तीत रुजलेली आहे. तिथे एक जण मध्ये येतो, अनुभवी माणूस त्याला सांभाळतो, आणि बाकीचे नंतर आपल्याला काय दिसलं ते आरशासारखं सांगतात. त्यामागे वर्षांचा सराव आहे. आमच्याकडे सांभाळणारं कोणीच तयार झालेलं नव्हतं. एक दादा मध्ये गेला, वडिलांबद्दल बोलता बोलता कोसळला, आणि खोलीतल्या कोणालाही पुढे काय करायचं ते कळेना. पुढचे दोन आठवडे तो कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. ताईचा हेतू वाईट नव्हता. तिला जवळीक हवी होती, आणि ती लवकर हवी होती.

घाई करणाऱ्यांना मी एवढंच सांगते की अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ एम. स्कॉट पेक यांनी समूहाच्या चार अवस्था सांगितल्यात: खोटा गोडवा, गोंधळ, रिकामं होणं, आणि मग खरा समूह. गोंधळ टाळून पुढे उडी मारता येत नाही. रिकामं होणं म्हणजे दुसऱ्याला सुधारायचा, दुरुस्त करायचा हट्ट सोडणं. पहिल्या वर्षी मी नव्या माणसांना कुठलंही तंत्र शिकवत नाही. एकच काम देते: भांडणात उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि त्याने 'हो, हेच' म्हणेपर्यंत आपली बाजू मांडायची नाही. कंटाळवाणं आहे. चार-चार वेळा चुकतं. पण पाचव्या वेळी जे होतं, ते मी कुठल्याही शिबिरात पाहिलेलं नाही.

बाकीच्या, थोडक्यात

रागाच्या भरात बोलणं पूर्ण करायचा हट्ट धरू नका. जोडप्यांचा अभ्यास करणारे जॉन गॉटमन सांगतात की नाडीचे ठोके मिनिटाला शंभरावर गेले की माणसाला समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही, आणि शरीर शांत व्हायला किमान २० मिनिटं लागतात. मी अर्धा तास घेते, पण उठताना परत कधी बसायचं ते सांगूनच उठते. न सांगता उठणं म्हणजे समोरच्याला तसंच टाकून जाणं.

भांडण मोबाईलवरच्या गटात नेऊ नका. कधीही नाही.

रात्री उशिरा वादाचे विषय काढू नका. दमलेली माणसं संमती देतात आणि सकाळी ती मोडतात.

एकमताने चालणाऱ्या गटात ठराव अडवण्याचा अधिकार आवडी-निवडीसाठी वापरू नका. पटत नसेल तर बाजूला उभं राहता येतं: मला मान्य नाही, पण तुम्हाला थांबवत नाही. या निर्णयाने समूहाचा मूळ हेतूच मोडतो असं वाटत असेल, तेव्हाच अडवा. चौदा वर्षांत मी एकदाच अडवला आहे.

मध्यस्थ म्हणून दोघांपैकी एकाच्या जिवलग मित्राला बसवू नका, तो कितीही समंजस असो.

माफी मागायला लावू नका. लावून मागितलेल्या माफीनंतर दोघंही एकमेकांना टाळायला लागतात. त्यापेक्षा झालेलं नुकसान कसं भरून काढायचं ते दोघांनी ठरवावं. गंजलेलं पातं घासून आणणं माफीपेक्षा जास्त बोललं होतं.

आणि सोडून जाणाऱ्याला गद्दार ठरवू नका. आमच्याकडे कोणी निघालं की मध्यस्थी गटातलं एक जण त्याच्याबरोबर तासभर बसतं, फक्त ऐकायला, थांबण्याचा आग्रह न करता. सुतारखोलीतल्या त्या मुलाबरोबर मी बसले होते. काय वेगळं झालं असतं तर तू राहिला असतास, असं मी विचारलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'काका पहिल्याच दिवशी ओरडले असते ना, तर मी राहिलो असतो.'