फिलिप लामच्या मॅचेस बघून फुलबॅक खेळायला कसं शिकायचं

फुटबॉलमध्ये फुलबॅक, म्हणजे डिफेन्समध्ये अगदी डाव्या किंवा उजव्या कडेला खेळणारा, शिकायचंय म्हटलं की पोरं आधी स्लाइड टॅकलचे, म्हणजे आडवं घसरत जाऊन बॉल काढण्याचे व्हिडिओ काढून बसतात, मग ग्राउंडवर येऊन समोरच्याच्या पायात घुसतात, आणि आपल्याकडच्या मुरुमाच्या ग्राउंडवर घुसलं की मांडी सोलून निघते ती वेगळीच. माझं म्हणणं एवढंच आहे की डिफेंडिंग शिकायचं असेल तर ज्याला आडवं पडायची वेळच फार कमी आली त्याला बघा. फिलिप लाम. म्युनिकचा पोरगा, जन्म १९८३ चा, उंची १ मीटर ७० सेंटिमीटर, म्हणजे कोल्हापुरातल्या कुठल्याही तालमीच्या टीममध्ये उभा केला तरी उंचीवरून कुणी लक्ष दिलं नसतं. जर्मनीसाठी ११३ मॅचेस, बायर्न म्युनिकसाठी ५०० च्या वर, आणि अख्ख्या प्रोफेशनल करिअरमध्ये एकही रेड कार्ड नाही. डिफेंडर असून!

तर आता बघायचं कसं. पहिली गोष्ट, हायलाइट्स बंद. हायलाइट्समध्ये फुलबॅक दोनदाच दिसतो, त्याने गोल मारला तर किंवा त्याच्या बाजूने गोल बसला तर, मधली ८८ मिनिटं तो काय करत होता ते कापलेलं असतं आणि शिकायचं सगळं तिथेच असतं. पूर्ण मॅच लावायची. सुरुवातीला थोडा वेळ नेहमीसारखी बघा, कोण कुठे खेळतंय ते कळू दे, मग १५ मिनिटं बॉल कुठेही जाऊ दे, नजर लामवरच ठेवायची. कॅमेरा बॉलच्या मागे धावतो त्यामुळे हा मधूनमधून फ्रेमच्या बाहेर जाणार, हरकत नाही, परत आत येतो तेव्हा कुठून येतोय ते बघायचं. बॉल पलीकडच्या विंगवर असतो तेव्हा हा किती आत सरकलाय, बॉल याच्याकडे यायच्या आधी मान किती वेळा वळवून मागे बघितलं, आणि विंगर, म्हणजे समोरच्या टीमचा कडेने अटॅक करणारा, समोर आला की दोघांत अंतर किती ठेवलं, एवढं वहीत लिहून काढा. कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. पण दोन मॅचेसनंतर डोळ्याला सवय होते.

आता उभं राहणं, आणि यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण अर्धा फुलबॅक इथेच तयार होतो. विंगर बॉल घेऊन समोर आला की छाती त्याच्याकडे करून सरळ उभं राहायचं नाही. तिरकं उभं राहायचं, एक पाय पुढे एक मागे, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर, टाचांवर नाही. अंतर इतकं की हात लांब केला तर जेमतेम त्याला लागेल. त्यापेक्षा जवळ गेलात तर तो एका टचमध्ये निघून जातो, आणि लांब राहिलात तर त्याला क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर बॉल, टाकायला निवांत वेळ मिळतो. आणि त्याला कुठे जाऊ द्यायचं हे तुम्ही ठरवायचं, त्याने नाही. साधारणपणे साइडलाइनकडे, कारण तिकडे त्याला जागा कमी आणि आत गोल आहे. लाम हे सतत करायचा, विंगरला वाटायचं आपणच बाहेरून चाललोय, आणि चार पावलांनी लक्षात यायचं की जागाच संपली. बॉल काढायचा कधी? तर त्याचा टच मोठा पडला की, म्हणजे बॉल पायापासून अर्धा मीटर सुटला की त्याच क्षणी जवळच्या पायाने टोकरून बाहेर. तोपर्यंत नुसतं मागे सरकत राहायचं. धीर लागतो याला, आणि प्रेक्षकांतून "अरे जा ना अंगावर" असं ओरडणारा एक काका प्रत्येक ग्राउंडवर असतोच, त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही.

याची प्रॅक्टिस सोपी आहे. १५-२० मीटर लांब आणि ८-१० मीटर रुंद पट्टा आखा, एकाने बॉल घेऊन यायचं, दुसऱ्याने अडवायचं, पण पहिले दोन आठवडे डिफेंडरला बॉल काढायला बंदी. फक्त पावलं टाकत त्याला ठरवलेल्या बाजूला न्यायचं. शेवटी तो त्या बाजूच्या कोनाजवळून बाहेर पडला तर पॉइंट डिफेंडरला, मधून घुसला तर त्याला. मग तिसऱ्या आठवड्यात बॉल काढायची परवानगी द्या आणि बघा, पोरं आपोआप योग्य वेळेची वाट बघायला लागतात.

पुढचा मुद्दा उलट्या पायाचा. लाम उजव्या पायाचा, पण त्याचं नाव झालं ते डाव्या बॅकला, आणि त्यामागे गंमत आहे. बायर्नच्या सीनियर टीमकडून तो पहिल्यांदा नोव्हेंबर २००२ मध्ये उतरला, चॅम्पियन्स लीगमध्ये लान्सविरुद्ध, तेही अगदी शेवटच्या मिनिटांत सब म्हणून. पण तेव्हा उजवीकडे सान्योल, डावीकडे लिझाराझू, दोघंही फ्रान्सचे, दोघंही मुरलेले, म्हणजे जागाच नाही. मग २००३ मध्ये त्याला दोन वर्षांसाठी लोनवर, म्हणजे उसना, स्टुटगार्टच्या क्लबला पाठवलं. तिथे उजवीकडे हिंकेल बसलेला. कोच फेलिक्स मागाटने याला डावीकडे टाकलं, आणि पठ्ठ्याने "मी उजव्या पायाचा आहे" असं म्हणत बसण्याऐवजी खेळायला मिळतंय ना, मग खेळतो असं करून जागा पक्की केली, आणि फेब्रुवारी २००४ मध्ये जर्मनीच्या टीममध्येसुद्धा आला.

उलट्या पायाने खेळण्याचा फायदा काय हे बघायला दोन गोल लावा. ९ जून २००६, वर्ल्ड कपची पहिलीच मॅच, तीही त्याच्याच म्युनिकमध्ये, कोस्टारिकाविरुद्ध. सहाव्या मिनिटाला डावीकडून आत आला आणि उजव्या पायाने लांबच्या वरच्या कोपऱ्यात. डाव्या हाताला दुखापत होती म्हणून पट्टा बांधून खेळत होता, त्यातून हे. दुसरा गोल २०१२ च्या युरोत ग्रीसविरुद्धचा, तसाच डावीकडून आत येऊन बॉक्सच्या बाहेरून उजव्या पायाचा फटका. सहा वर्षांनी तीच चाल आणि तरी अडवता आली नाही! तोटाही समजून घ्या, बाहेरून जाऊन डाव्या पायाने क्रॉस टाकता आला नाही तर समोरचा डिफेंडर दोन मॅचेसमध्ये तुम्हाला ओळखतो आणि आतली वाट बंद करून ठेवतो. म्हणून कमजोर पायाने रोज भिंतीवर पास मारायचे, आधी जवळून, मग लांबून. काही डोकं लावायचं नाही यात, नुसतं करत राहायचं.

आता सगळ्यात कामाचा भाग, २००८ ची युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा. आधी २५ जूनची बासेलची सेमीफायनल बघा, तुर्कीविरुद्ध. ८६ व्या मिनिटाला तुर्कीचा सबरी लामच्या बाजूनेच त्याला चकवून आत शिरला, क्रॉस आला, सेमीहने गोल केला, २-२. एखादा फुलबॅक यानंतर उरलेला वेळ घाबरून मागेच बसला असता. लामने ९० व्या मिनिटाला हिट्झल्स्पेर्गरबरोबर वन-टू, म्हणजे पास देऊन पळत लगेच परत घेणं, खेळून थेट बॉक्समध्ये घुसून गोल मारला, ३-२, जर्मनी फायनलमध्ये. या मॅचमध्ये वादळामुळे जगभरच्या टीव्हीवरचं चित्र मधेमधे गेलं होतं, म्हणून रेकॉर्डिंग नीट पूर्ण आहे का ते बघून घ्या. पण खरी शिकवणी आहे चार दिवसांनंतरच्या फायनलमध्ये, व्हिएन्नात, स्पेनविरुद्ध, ३३ वं मिनिट. झावीचा पास मागे पडला, लाम टोरेसच्या पुढे होता, गोलकीपर लेमान बाहेर येत होता. बॉल कोण घेणार? लामचा वेग क्षणभर कमी झाला, टोरेस बाहेरून वळसा घालून पुढे गेला आणि बॉल लेमानवरून आत. मॅच १-० नेच संपली. हा तुकडा स्लो करून दहा वेळा बघा. यातून शिकायचं ते असं की कीपरचा आवाज स्पष्ट येत नाही तोपर्यंत बॉल आपलाच समजायचा, आणि धावताना स्ट्रायकर आणि बॉल यांच्यामध्ये आपलं अंग राहील अशी लाइन धरायची, नुसता बॉल बघत सरळ पळायचं नाही. आणि आपल्या कीपरबरोबर शब्द आधीच ठरवून ठेवा. "माझा" म्हटलं की कीपरचा, "काढ" म्हटलं की डिफेंडरने बाहेर मारायचा, बस. प्रॅक्टिसला कोचने मागून बॉल फेकायचा, एक स्ट्रायकर एक डिफेंडर एकदम पळणार, कीपरने ओरडायचं. मराठीतच ओरडा, घाईत तेच तोंडातून येतं.

यानंतर अटॅक. २००९ मध्ये वॅन गाल बायर्नला कोच म्हणून आला, लाम उजवीकडे गेला आणि त्याच मोसमात त्याच्या पुढे विंगवर रॉबेन आला. रॉबेन डाव्या पायाचा, तो आत वळणार हे स्टेडियमबाहेरच्या चहावाल्यालाही माहीत होतं, तरी थांबवता का येत नव्हतं? बरंचसं कारण लामचं बाहेरून पळणं. लाम साइडलाइनने सुसाट गेला की डिफेंडरला अर्धं पाऊल तरी त्याच्याकडे टाकावं लागतं, आणि रॉबेनला तेवढंच पुरतं. म्हणजे बॉल मिळणार नाही हे माहीत असूनही पूर्ण वेगाने पळायचं. हे पोरांना पटवणं सगळ्यात अवघड जातं बघा. कधी निघायचं? विंगरने बॉल कंट्रोल करून मान वर केली की, त्याच्या आधी नाही, नाहीतर ऑफसाइड तरी होता किंवा बॉल गेला तर मागे मोकळं मैदान. आणि निघायच्या आधी एकदा बघायचं, दुसरा फुलबॅकही वर गेलाय का. गेला असेल तर तुम्ही थांबा.

२०१३ मध्ये गार्डिओला कोच म्हणून आला आणि त्याने लामला चक्क मिडफिल्डमध्ये उभं केलं, २९ वर्षांचा, ट्रेबल म्हणजे एकाच मोसमात तीन मोठ्या ट्रॉफ्या जिंकलेला कॅप्टन, आणि नवीन पोझिशन. फुलबॅकच्या एका बाजूला साइडलाइन असते म्हणून त्याला अर्धंच मैदान बघावं लागतं, मध्ये चारी बाजूंनी माणसं येतात, त्यामुळे बॉल यायच्या आधीच दोन्ही खांद्यांवरून मागे बघून घ्यावं लागतं. लामला हे जमलं कारण ती मान फिरवायची सवय आधीपासूनच होती. २०१४ च्या वर्ल्ड कपला जर्मनीनेही त्याला मध्येच खेळवलं, त्यावर तिकडे भरपूर वाद झाले, मग अल्जेरियाविरुद्ध उजव्या बॅकला खेळणारा मुस्ताफी जखमी झाला आणि लाम परत उजव्या बॅकला आला, आणि तिथून फायनलपर्यंत तिथेच. ब्राझीलविरुद्धची सेमीफायनल जर्मनीने ७-१ ने जिंकली, त्यात टोनी क्रोस या खेळाडूचा पहिला गोल बघा, क्रॉस उजवीकडून लामचा. शुर्लेच्या पहिल्या गोलचा पासही त्याचाच. माझं मत विचाराल तर तो बॅकलाच जास्त कामाचा होता, पण मिडफिल्डमधल्या त्या एका वर्षाने त्याचा बॅकचा खेळही सुधारला असं मला वाटतं. म्हणून आठवड्यातून एकदा प्रॅक्टिसला मिडफिल्डमध्ये खेळून घ्या.

करिअर कसं सांभाळायचं तेही थोडक्यात. मोठ्या टीमच्या बेंचवर बसण्यापेक्षा जिथे रोज खेळायला मिळेल तिथे जा, लाम स्टुटगार्टला गेला तसं. २००५ मध्ये आधी पायाच्या हाडाला फ्रॅक्चर आणि मग गुडघ्याचा लिगामेंट, तरी घाईने न उतरता नीट बरा होऊन पुढच्या वर्षी वर्ल्ड कप खेळला, गुडघ्याचं दुखणं अंगावर काढणाऱ्यांनी हे दोनदा वाचा. २००९ मध्ये त्याने पेपरला मुलाखत देऊन क्लबच्या धोरणावर उघड टीका केली, क्लबने तगडा दंड लावला, आणि दीड वर्षाच्या आत त्यालाच कॅप्टन केलं. हा प्रयोग मात्र तुम्ही आपल्या कोचवर करू नका, आधी लामएवढं खेळा. जर्मनीसाठी खेळणं त्याने वर्ल्ड कप जिंकून तिशीतच थांबवलं आणि क्लबचं २०१७ मध्ये, करार एक वर्ष शिल्लक असताना.

आता सुरुवात कुठून करायची विचाराल तर २००८ ची सेमीफायनल आणि फायनल लागोपाठ, मग २०१३ ची वेम्बलीची चॅम्पियन्स लीग फायनल डॉर्टमुंडविरुद्ध, मग २०१४ ची ब्राझीलची मॅच. चारच. प्रत्येक मॅचनंतर त्यातली एकच गोष्ट ग्राउंडवर करून बघायची, सगळं एकदम करायला गेलात तर काहीच जमत नाही. आणि ट्रायलला जाणार असाल तर, आपल्याकडे २०२३ मध्ये एफसी बायर्न महाराष्ट्र कप झाला होता शाळकरी मुलांचा, तसं काही परत निघालं किंवा साधी जिल्ह्याची निवड असली तरी, पोझिशनच्या रकान्यात नुसतं "राइट बॅक" लिहू नका, "दोन्ही बॅक" लिहा. फक्त लिहायच्या आधी डाव्या पायाचे ते भिंतीवरचे पास झालेले असू देत, कारण कोच पहिला बॉल मुद्दाम त्याच पायावर देणार.