विज्ञान आणि समाज: संशोधनाला सुरुवात गुऱ्हाळापासून

विज्ञान, तंत्रज्ञान, वैद्यक आणि वसाहतोत्तर (परकी राजवट गेल्यानंतरचा) समाज या विषयात पीएचडी करायची म्हणून विचारायला येणाऱ्यांना मी आधी एकच विचारते: कुठल्या कामाजवळ जाऊन बसणार आहात? गाईड, प्रवेश वगैरे नंतर.

माझं काम गुळावर आहे. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर-पन्हाळ्याच्या गुऱ्हाळांवर असते. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, रस तापला की रानभेंडीचं चिकट पाणी सोडतात, मळी वर येते, ती काढून टाकतात. पुढचं सगळं गुळव्याच्या, म्हणजे गूळ उतरवणाऱ्या कारागिराच्या हाती. पाकाचा थेंब पाण्यात टाकायचा, बोटांत गोळी वळून बघायची आणि काहील कधी उतरवायची ते सांगायचं. त्याच काहिलीत कुणी रंग उजळवणारी हायड्रॉस ही रासायनिक पावडर टाकतं, कारण पिवळाधमक गूळ सौद्यात उठून दिसतो. पुढे कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. मग गूळ चांगला की वाईट हे ठरवायचं कुणी? गुळव्यानं, व्यापाऱ्यानं की प्रयोगशाळेनं? माझा अख्खा प्रबंध या प्रश्नावर उभा आहे.

सिद्धांताची पुस्तकं वाचाच, पण त्यांतली बरीच चौकट कलकत्ता-मुंबईवर, म्हणजे थेट इंग्रजी अंमलाखालच्या शहरांवर बेतलेली असते. कोल्हापूर संस्थान होतं, 1949 साली विलीन झालं. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी हाती घेतलं आणि पुरं झालं स्वातंत्र्यानंतर. ‘इंग्रजांनी आणलं, आपण स्वीकारलं’ एवढ्यावर ही गोष्ट मिटत नाही. इथल्या विद्यार्थ्याला हे भांडवल आयतं मिळालेलं आहे, असं मला मनापासून वाटतं.

प्रवेशाचं म्हणाल तर नेट या पात्रता परीक्षेला या विषयाचा वेगळा पेपर नाही. इतिहास किंवा समाजशास्त्र घ्या. दिल्लीच्या जेएनयूत विज्ञान धोरणाच्या अभ्यासाचं केंद्र आहे, आयआयटी मुंबईत मानव्यविद्या विभाग आहे. विज्ञानाची किंवा वैद्यकाची पदवी असेल तर उत्तमच. मोडी लिपी मात्र पहिल्याच वर्षी शिका. संस्थानी दप्तराला हात घालायचा तर तिच्याशिवाय गत्यंतर नाही.

गुऱ्हाळावर गेलात तर गुळव्या काहिलीपाशी असताना प्रश्न विचारू नका, तिथे क्षणाचीही चूक महागात पडते. काहील उतरली, चहा आला की बोला. काम कुणाकडून शिकला, मजुरी किती, पोरगं हे काम करणार का, हे सगळं त्याला विचारून टिपा. आजवर चाळलेल्या कागदांत मला गुऱ्हाळमालक भेटले, गुळव्याचं नाव एकदाही नाही.